फाट्यापर्यंतचं तिकीट

लेकीच्या पत्राला सुताराने उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा सकाळी अंग शेकायला बाहेर बसावं लागत होतं, आणि आता दुपारी ओसरीवरची फरशी पायाला चटके देत होती. मधल्या काळात तो ते विसरला होता असं नाही. उलट ते त्याला नको तेव्हा आठवायचं. रंधा मारताना, अंगावर पाणी घेताना, डोळा लागता लागता.

पत्रात अवघड काही नव्हतं. जावई जाऊन वर्ष उलटलं. दिराला आता तिची खोली हवी आहे. तोंडावर कोणी बोलत नाही, पण रोज काहीतरी सामान त्या खोलीत आणून ठेवतात. शिलाईचं मशीन आहे, त्यावर ती कुठेही पोट भरेल. मुलांना घेऊन गावीच यावं असं मनात आहे. धाकट्या दोघांचं गावच्या शाळेत भागेल, मोठीला मात्र शहरातल्या शाळेत घालावं लागेल, आणि तिचं शिक्षण काही झालं तरी थांबवायचं नाही. ‘तेव्हा बाबा, गाडी अजून सकाळ-संध्याकाळ येते ना, आणि पुढेही येत राहील ना, एवढं कळवा. मग मी निघते.’

त्या ‘पुढेही’पाशी सुताराचं पेन अडून बसलं होतं.

गाव रस्त्याच्या शेवटाला होतं. फाट्यावर मोठा रस्ता सोडून गाडी आत वळायची, ओढा ओलांडायची, चढ चढायची आणि दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत वळसा घेऊन शहराकडे तोंड करून उभी राहायची. त्यापुढे डोंगर होता, आणि डोंगराला कुठे जायचं नव्हतं. एकेकाळी इथे गाडीत चढायला झोंबाझोंबी व्हायची. मग माणसं गेली. काही कामाला गेली, काही मुलांच्या पाठोपाठ गेली, काही वर गेली. गावात शेवटचं नवं दार आपण कधी बसवलं ते सुतारालाही आठवत नव्हतं. आता काम यायचं ते जाणाऱ्यांच्या दाराला कोयंडा ठोकायचं. घरचा माणूस सामान बांधून अंगणात उभा, बायको पदराने डोळे पुसतेय, आणि सुतार गिरमिटाने चौकटीला भोक पाडतोय. घट्ट बसवा हो, म्हणायचे. तो घट्ट बसवायचा. अशा वेळी मजुरी मागायची त्याला लाज वाटायची, आणि द्यायचं भान त्यांना नसायचं.

माणसं मिळत नाहीत म्हणून गाडी बंद करणार अशी कुणकुण लागली, तेव्हा दुकानदाराने तोड काढली होती. दुकानदार डोक्याने तल्लख. गाडी गेली तर त्याचा माल कसा येणार, हेही त्या तल्लखपणात होतंच. त्याने दोन रेक्झिनच्या पिशव्या आणल्या, प्रवासाचं सामान वाटावं म्हणून त्यांत भुसा भरला आणि वर एकेक जुनं धोतर घातलं. ज्याच्या दाराशी संध्याकाळी पिशवी येऊन बसेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचं. जायचं म्हणजे फाट्यापर्यंत. तिकीट सगळ्यांत कमी तिथलं. तिथे उतरायचं, गाडी दिसेनाशी झाली की चालत माघारी यायचं आणि पिशवी पुढच्या घराशी ठेवायची. म्हातारी माणसं, कामधंद्याची माणसं, सगळ्यांनी ही पाळी धरली. लाकूड तासायची वाकस हातातून टाकून सुतारही जायचा. रिकामी गाडी परत जाऊ द्यायची नाही, एवढं एकच गावाला ठाऊक होतं.

कंडक्टर वर्षानुवर्षं याच गाडीवर होता. त्याला सगळं कळत होतं.

“कुठं निघालात?” सुताराच्या पाळीच्या एका सकाळी त्याने तिकिटाचं यंत्र पुढे धरत विचारलं.

“फाटा,” सुतार म्हणाला.

“मुक्काम?”

“बघू.”

“पिशवीत काय?”

“कपडे.”

“बरेच दिवस धुतलेले दिसत नाहीत. भुसा गळतोय.”

पुढच्या बाकावर शेजारची मावशी बसली होती. दुसरी पिशवी तिच्या मांडीवर. वयाने ती सुताराहून बरीच मोठी, आणि जिभेने गावात सगळ्यांहून. ती मागे न वळताच म्हणाली, “तू तिकीट फाड बाबा. माझ्या कपड्यांची उठाठेव करायला माझा नवराही कधी धजला नाही.” कंडक्टर हसला आणि त्याने तिकीट फाडलं.

फाट्यावर उतरून दोघं माघारी निघाली. येताना चढ. ओढ्यात पाणी नव्हतं, गोटे तापायला लागले होते. सुताराचा उजवा गुडघा ओढा ओलांडेपर्यंत मुकाट असायचा, मग चढाला लागलं की आतून सुई टोचल्यासारखा बोलायला लागायचा. तो मध्येच थांबून सावली शोधायच्या निमित्ताने पाय मोकळा करायचा. मावशीला निमित्त लागायचं नाही. ती सरळ बसायची आणि म्हणायची, बसले.

असंच बसल्यावर तिने विचारलं, लेकीला काही कळवलंस का. सुतार म्हणाला, गाडीचं नक्की कळल्याशिवाय काय कळवणार. ये म्हणालो आणि गाडी थांबली, तर पोरीची शाळा बुडाली. नको म्हणालो तर... मावशीने पिशवीतला भुसा दाबून बसवला आणि म्हणाली, “हा भुसा रोज फिरून येतो. तुझ्या पोरीचं पत्र एकदाच आलं, ते तेवढं बसून आहे.”

पाऊस सुरू व्हायच्या आत गाडीच्या कचेरीतून कोणी मोजायला येणार, असं कंडक्टरनेच येऊन सांगितलं. किती माणूस राहतं, किती येतं-जातं, ते बघून पावसाळ्यात गाडी ठेवायची की नाही ते ठरणार. दुकानदाराने लगेच सगळ्यांना दुकानासमोर बोलावलं. बंद घरं उघडी दिसली पाहिजेत, असं ठरलं. कुलपांच्या किल्ल्या जाणाऱ्यांबरोबर गेलेल्या, म्हणजे कोयंडेच काढायचे. आणि ते काढणार कोण, तर ज्याने ठोकले तो.

दोन दिवस सुतार स्वतःचंच काम उचकटत होता. घट्ट बसवलेलं होतं, सहजी निघत नव्हतं. दारं उघडली की आतला कोंदट वास अंगावर यायचा. एका घरात भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, एकीवर एक, आणि मग थांबलेल्या. त्या घरातला थोरला आता कुठल्या तरी कारखान्यात रात्रपाळीला होता म्हणे. मावशीने आणि सुतारिणीने त्या अंगणांतून दोऱ्या बांधल्या आणि आपल्याच घरांतले कपडे वाटून वाळत घातले. सुतारीण म्हणाली, एवढे कपडे बाहेर घातल्यावर आता घरात नेसायला काही उरलं नाही, मोजणारा आला तर मला दाराआड बसावं लागेल. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी गावात एवढा आवाज झाला होता.

त्या हसण्यातच दुकानदाराने सुताराला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, तुमच्या लेकीचं आणि तिच्या मुलांचं नाव लावू. येणारच आहेत ना त्या. चार दिवस आधी आल्या असं म्हणायचं, एवढंच. सुताराने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याची ती जुनीच खोड होती. लोक तिला होकार समजायचे.

मोजणीला आलेली बाई तरुण होती. उन्हाने तोंड लाल झालेलं, खांद्याला झोळी, पायात धुळीने माखलेले बूट. ती सकाळच्या गाडीने आली आणि घरोघर हिंडली. उघड्या दारांतून आत वाकून बघायची, काही लिहायची, काही न लिहिता पुढे जायची. अंगणातल्या दोऱ्यांपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. मग दुकानासमोर येऊन बाकावर टेकली. दुकानदाराने पाणी दिलं, ते तिने एका दमात संपवलं.

“तुमच्या गावात एकाच मापाचे सदरे फार आहेत,” ती म्हणाली.

सुताराने खाली बघितलं. त्याचेच सदरे होते ते.

बाईचा स्वर चिडका नव्हता. ती म्हणाली, राहतात ती माणसं मी धरली आहेत, कपडे धरलेले नाहीत. पण मला एक कोडं सुटत नाही. सकाळच्या गाडीला तुमच्याकडून रोज दोन-चार माणसं बसतात. सगळी फाट्याला उतरतात. संध्याकाळच्या गाडीला मात्र इकडे कोणी नसतं. शहरात एखाददुसरा गेला तर तोही दुधाच्या टेम्पोने परत येतो म्हणे.

“आमच्या कागदांवर तुमचं गाव केव्हाच रिकामं झालंय,” ती म्हणाली. “माणसं रोज जातात, परत कोणी येतच नाही. मी तर इथं कुलपं मोजायला येत्येय असं समजून निघाले होते.”

दुकानदाराचं तोंड उघडं राहिलं. एवढ्या दिवसांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जाताना तिकीट काढायचं, येताना पायांवर यायचं. गाडी वाचवायची तर दोन्हीकडून वाचवावी लागते, हा साधा हिशेब तल्लख माणसाला आणि भोळ्या माणसालाही सुचला नव्हता. मावशी पुटपुटली, भुशाला सांगायला हवं होतं, परत येताना तरी गाडीने ये. पण या वेळी हसलं कोणी नाही.

बाई म्हणाली, सकाळची गाडी मी सध्या ठेवते. संध्याकाळची पाऊस लागला की फाट्यावरूनच परत फिरेल. मग तिने जरा थांबून विचारलं, शहरातल्या शाळेत जाणारं मूल आहे का कोणी? एक जरी असलं तरी मला संध्याकाळची गाडी बंद करता येत नाही.

“आहे की,” दुकानदार उभाच राहिला. “सुतारांची नात. लेक परत आलीय त्यांची, मुलांना घेऊन. आत्ता नातेवाइकांकडे गेल्यात. मोठी पोर शाळेत जाणारी आहे.”

बाईने सुताराकडे पाहिलं. “आल्यात का काका?”

सगळं गाव बघत होतं. गाव म्हणजे तरी किती, दुकानाच्या सावलीत मावण्याएवढं. हो म्हणणं किती सोपं होतं. गाडी राहिली असती. मग लेकीला खुशाल लिहिता आलं असतं, ये, गाडी आहे. पण त्याला वाटलं, तिने अजून सामानही बांधलेलं नाही आणि आपण तिला न विचारता इथे आणून बसवतोय. उद्या ती दुसरीकडेच गेली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती आलीच, आणि हे खोटं उघडं पडून गाडी गेली तर?

“पत्र आलंय तिचं,” तो म्हणाला. “मी उत्तर नाही दिलं अजून.”

“मग मी काय लिहू?”

“आहोत तेवढे लिहा. मी आणि ही.”

बाईने लिहिलं. मग झोळी उचलताना ती त्याला एकट्याला म्हणाली, पोरीचं नाव शाळेत पडलं की शाळेचा दाखला घेऊन कचेरीत या. गाडी परत चालू करायला मला तेवढं पुरतं. पण आधी नाव, मग गाडी. उलटं होत नाही. ती दुधाच्या टेम्पोत बसून गेली, कारण संध्याकाळपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता.

त्यानंतर गावाने सुताराला काही बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. दुकानात तो गेला की बोलणं थांबायचं आणि दुकानदार त्याचं सामान बांधून न बोलता पुढे सरकवायचा. दाराचे कोयंडे परत ठोकायचे होते, त्यासाठी कोणी बोलावलं नाही; उघडी दारं वाऱ्याने आपटत राहिली. आणि संध्याकाळी पिशवी शेजारच्या घरून निघाली ती सुताराच्या दारावरून सरळ पुढे गेली. ओसरीवर बसून तो बघत होता. नेणाऱ्याने मान वळवली नाही. ती पाळी त्याला कधी आवडली नव्हती, गुडघा तर शिव्याच द्यायचा. तरी पिशवी पुढे गेली तेव्हा त्याला जेवणाच्या पंक्तीतून उठवल्यासारखं झालं.

“बरं झालं,” सुतारीण आतून म्हणाली. “तुमच्या गुडघ्याला आराम.”

ती हात पुसत बाहेर आली. म्हणाली, तुम्ही गाडीचे मालक आहात का? गाडी राहील की जाईल ते तुम्ही का ठरवत बसलात?

“तिने तेच विचारलंय.”

“तिने विचारलं. तुम्हाला माहीत नाही. मग माहीत नाही असं लिहा. तिला काय वाटत असेल, तेवढा विचार केलात? ज्या घरात रोज तिच्या खोलीत कोणाचं तरी सामान येऊन पडतंय, तिथं ती रोज टपालाची वाट बघत असेल. तिला वाटत असेल, बाबांनाही मी नकोय.”

हे त्याच्या मनात कधीच आलं नव्हतं. आपण तिच्या काळजीपोटी गप्प आहोत असं तो धरून चालला होता. गप्प बसलेल्या माणसाची काळजी लांबून कशी दिसते, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःहून कळायला तो तसा मुलखाचा मंद.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तो काठी घेऊन निघाला. सुतारिणीने कुठे म्हणून विचारलं नाही, पायात वहाणा घातल्या आणि मागोमाग आली. दोघं उतरून फाट्यावर गेली. तिथे रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून राहिली. संध्याकाळची गाडी आली, आत वळली आणि रिकामी वर गेली. कंडक्टरने खिडकीतून हात केला, येताय का. सुताराने नको म्हणून हात हलवला.

“आता निघायचं,” तो म्हणाला. “शाळा सुटून नात इथं उतरेल, तेव्हा हीच वेळ.”

म्हणजे हे बघायला आला होता तर. सुतारीण पदर खोचून चालू लागली. ओढ्यापर्यंत चांगला उजेड होता. ओढ्यात उतरल्यावर दोन्ही काठांच्या झाडीने अंधारून आलं. पावसात इथे पाणी असणार, त्याने काठीने गोटे चाचपून कुठून ओलांडता येईल ते पाहिलं. जरा वरच्या अंगाला रुंद सपाट दगड होते. त्यांच्यावर दोन फळ्या टाकल्या तर पाय भिजायचे नाहीत. जास्त पाणी आलं तर फळ्याही जातील, त्या दिवशी पोरीने शाळेत जायचंच नाही. चढाला लागल्यावर गुडघा बोलायला लागला. तो थांबला, सुतारीणही थांबली. “एकटीने यायची वाट नाही ही,” ती म्हणाली. तो म्हणाला, नाही. “आणि तुम्हाला रोज झेपेल?” त्याला हो म्हणायचं होतं. तो म्हणाला, बघू या. मग तीच म्हणाली, एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. माझे गुडघे अजून मला ओळखतात.

गावात शिरले तेव्हा दिवे लागत होते. दुकानदार बाहेर उभा होता. त्याने दोघांना धुळीने माखलेलं पाहिलं आणि पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं. “गाडीने यायचं ना. रिकामीच आली.”

“पावसाळ्यातली वाट बघायची होती,” सुतार म्हणाला.

दुकानदाराने आत जाऊन खुर्ची आणली, सुतारिणीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, वहिनी, टेका जरा.

पत्र सकाळी लिहिलं, ओसरीवर, फळीवर कागद ठेवून. फार खाडाखोड झाली. शेवटी जे उरलं ते असं होतं.

‘पत्राला उशीर झाला. तू नको आहेस म्हणून नाही, मला नक्की काही सांगता येत नव्हतं म्हणून. सकाळची गाडी आहे. संध्याकाळची पाऊस लागला की फाट्यापर्यंतच येईल. पुढेही येत राहील असं मी सांगू शकत नाही. पोरीचं नाव शाळेत घातलं की संध्याकाळची परत चालू करू असं कचेरीतल्या बाई म्हणाल्या आहेत, पण ते त्यांच्या हातात आहे. तोवर संध्याकाळी फाट्यावर मी नाहीतर तुझी आई उभी असू. माझा गुडघा दुखतो हे तुला माहीत असावं. ओढ्याला पाणी आलं तर पोर घरी राहील. एवढं समजून यायचं असेल तर ये. आम्हाला तू यायला हवी आहेस. नाही आलीस तरी राग नाही. मशीन ठेवायला खिडकीजवळची जागा मोकळी केली आहे.’

खाली थोडी जागा त्याने मुद्दाम कोरी ठेवली.

टपालवाला कधी यायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. सुतार स्वच्छ सदरा घालून गाडीत चढला. त्या दिवशी पिशव्या दुकानदाराकडे आणि मावशीकडे होत्या. दोघं पुढे बसली होती. कंडक्टरने मान वर न करता विचारलं, फाटा?

“शहर,” सुतार म्हणाला. “जायचं आणि यायचं, दोन्ही द्या.”

कंडक्टरने मान वर केली. यायचं तिकीट या गावाचं त्याने बऱ्याच दिवसांत फाडलं नव्हतं. फाट्यावर गाडी थांबली. मावशी उतरली, दुकानदार पायरीवर थबकला. मागे बघून म्हणाला, उतरा की. सुतार म्हणाला, पुढे जायचंय, शाळा बघायची आहे आणि पत्र टाकायचंय. दुकानदार पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, ठरवा काहीतरी. दुकानदाराने खालच्या मावशीकडे पाहिलं, मग पायरी परत चढला आणि खिशात हात घालत म्हणाला, “माझंही पुढचं द्या. येतानाचंही. एकदा तरी दोन्हीकडून बसून बघतो.” खालून मावशी ओरडली की मग माझी पिशवी कोण नेणार वर, पण गाडी सुटली होती.

शहरात दुकानदार बाजाराकडे गेला. सुतार स्टँडवरून शाळा विचारत निघाला. मोठ्या फाटकाची, पिवळ्या भिंतीची शाळा होती. फाटकाच्या बिजागऱ्या गंजलेल्या, पण दार सरळ उभं होतं. मधली सुट्टी चालू होती, मुलींचा कलकलाट भिंतीवरून रस्त्यावर सांडत होता. तो आत गेला नाही. आत जाऊन कोणाला काय विचारायचं ते त्याला सुचलं नाही. फाटकावरच्या माणसाला त्याने शाळा सुटायची वेळ विचारली आणि ती गाडीच्या वेळेशी मनात जुळवून पाहिली. मग स्टँडपर्यंत परत सावकाश चालत आला, पोरगी चालेल तसा, इकडे तिकडे बघत.

टपाल कचेरीच्या ओट्यावर बसून त्याने कोऱ्या जागेत लिहिलं, ‘शाळा पाहिली. स्टँडपासून जवळ आहे. मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. शाळा सुटल्यावर गाडी मिळते.’ ते दोनदा वाचलं. पाकिटाची कड जिभेने ओली केली, तळहाताने घट्ट दाबली आणि पत्र पेटीच्या फटीतून आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. त्याने बोटं आत घालून चाचपलं, अडकलेलं नव्हतं. तरी खात्रीसाठी लाकूड वाजवून बघावं तशी पेटीवर बोटाची पेरं वाजवली. आवाज भरीव आला.